पावशा कीं चातक?

मृगाच्या तोंडावर आम्ही हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथास गेलों होतों. दर्शन घेऊन परततों, तों झाडींतून ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ अशी साद आली. स्वर चढत चढत एकाएकीं तुटला. ‘चातक!’ आम्ही उद्गारलों. ‘न्हाई आबा, पावशा हाय त्यो,’ जवळचा गुराखी पोर हंसला.

निरखून पाहिलें. राखी पाठ, शेपटीवर आडवे पट्टे; शिक्राच भासावा. परंतु चोंच आंकडेदार नव्हती आणि डोळ्याभोंवतीं पिवळें कडें होतें. अंडीं हा सातभाईंच्या घरट्यांत घालतो. चातक तर काळापांढरा, तुरेवाला. काव्यांतला चातक आम्ही तीस वर्षें शिकविला. पक्षी मात्र कधीं ओळखून घेतला नाहीं! वाचकहो, मुलांस नांव सांगण्यापूर्वीं आपण एकदां रानांत जाऊन यावें, हें बरें.