दोन नंबरांचं पिस्तूल

पोस्ट लांब आहे. पण एका माउलीला शब्द दिलाय, म्हणून लिहितोय. निम्म्यावर सोडू नका ही विनंती, कारण निम्मंच ऐकल्यामुळे हा सगळा घोळ झाला.

आमच्या रहिमतपूर भागात फौजेतनं आलेल्या प्रत्येकाला 'मेजर' म्हणतात. हवालदार असो, नाईक असो, गावासाठी तो मेजरच. पण मी ज्यांच्याबद्दल लिहितोय ते खरोखरचे मेजर होते. शिपाई म्हणून भरती झाले, पुढे कमिशन मिळवलं, निवृत्त होऊन शेती केली. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. ओळखणारे ओळखतील, त्यांनीही कमेंटमध्ये लिहू नये.

मेजरांकडे परवान्याचं एक पिस्तूल होतं. बेल्जियमच्या एफएन कंपनीचं, 1922 मॉडेलचं ब्राउनिंग, 7.65 मिलिमीटर, म्हणजे आपल्याकडे ज्याला .32 म्हणतात ते. नोकरीत असताना जबलपूरच्या ऑर्डनन्स डेपोतून रीतसर पैसे भरून घेतलेलं. ही पद्धत बऱ्याच जणांना माहीत नसते. लष्कराच्या नेहमीच्या वापरात न बसणारी जी हत्यारं डेपोत पडून असतात, जप्तीतली, लढाईत हाती आलेली, त्यांना 'नॉन सर्व्हिस पॅटर्न' म्हणतात. ती अधिकाऱ्यांना सरकारी किमतीत विकत मिळायची. त्यातही काहींनी हात धुऊन घेतले. परदेशी हत्यारांची आयात सामान्य माणसासाठी 1980 च्या दशकातच बंद झाली, त्यामुळे जुन्या परदेशी पिस्तुलाला बाहेर लाखांत भाव. डेपोतून स्वस्तात घ्यायचं आणि बाहेर विकायचं, असे प्रकार राजस्थानात गंगानगरकडे उघडकीला आले आणि मामला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मेजरांनी मात्र ते पिस्तूल विकलंही नाही आणि माझ्या माहितीप्रमाणे कधी चालवलंही नाही. दसऱ्याला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहायचे, तेवढंच.

2024 च्या विधानसभेच्या वेळी आचारसंहिता लागली आणि शस्त्रं जमा करायचा निरोप आला. (सरसकट सगळ्यांची शस्त्रं जमा करून घ्यायची नाहीत, छाननी समितीनं बघून ठरवायचं, असं उच्च न्यायालयानं सांगितलेलं आहे. पण मेजर हुज्जत घालणाऱ्यातले नव्हते.) ते स्वतः ठाण्यात गेले, पिस्तूल दिलं, पावती घेतली. मतदान 20 नोव्हेंबरला झालं. पिस्तूल परत आणायच्या आधीच मेजर आजारी पडले आणि डिसेंबरात गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर काकूंचा मला फोन. "तू पत्रकार आहेस, तुला कचेऱ्यांतलं कळतं. माझ्याबरोबर चल." मुलगा पुण्याला कंपनीत, त्याला रजा नाही. गेलो.

काम साधं होतं. परवानाधारक वारला की हत्यार घरात ठेवता येत नाही, शस्त्र कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ते ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. ते आधीच जमा होतं. वारसाला हवं असेल तर 2016 च्या नियमांप्रमाणे वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो. तेवढी नोंद करायची आणि निघायचं, असा आमचा हिशोब.

अंमलदारानं परवान्याचं पुस्तक उघडलं, शेजारी पावती ठेवली, एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे.

"मावशी, हे पिस्तूल हे नाही."

परवान्यावर एक नंबर, पावतीवर दुसरा. शेवटचे दोन आकडे चुकले असते तर लिहिताना चुकलं म्हणता आलं असतं, पण इथे सगळाच नंबर वेगळा. म्हणजे कागदावर चित्र असं, की परवान्यावरचं पिस्तूल कधी जमाच झालं नाही, ते कुठे आहे ते माहीत नाही. आणि जे मालखान्यात आहे त्याला परवानाच नाही. विनापरवाना साधं पिस्तूल बाळगलं तर 2019 च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. मी काकूंकडे बघितलं. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

अंमलदार माणूस सरळ होता, त्यानं पिस्तूल आणून दाखवलं. आम्ही तिघं खिडकीच्या उजेडात बघत बसलो. वरच्या सरकणाऱ्या भागावर, ज्याला स्लाईड म्हणतात, नंबर ठळक. त्याच्याजवळ गरुडाचा एक बारका शिक्का. खाली ट्रिगरच्या वर फ्रेमवर दुसरा नंबर, झिजलेला, वरून काळा रंग चढलेला, नखानं घासलं तर कळावा असा. परवान्यावर फ्रेमचा नंबर. जमा करताना ज्यानं पावती लिहिली त्यानं जो दिसला तो, म्हणजे स्लाईडचा, लिहिला. पिस्तूल एकच, नंबर दोन.

आता इथे माझ्या शाळेतला एक मित्र कामाला आला. तो अमेरिकेत ओहायोला असतो, तिथलं नागरिकत्व घेतलंय, आणि त्याला जुन्या लष्करी पिस्तुलांचा नाद आहे. त्याला रात्री व्हिडिओ कॉल करून सगळं सांगितलं, तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, माझ्याकडे आहे ते तर चार घरचं आहे."

त्याचं पिस्तूल म्हणजे अमेरिकन सैन्याचं .45 चं, 1911 मॉडेल. सैन्यातून काढलेली ही पिस्तुलं तिथे 2018 पासून एका संस्थेमार्फत सोडत काढून नागरिकांना विकतात. त्याला लागलं त्याची फ्रेम रेमिंग्टन रँडची, म्हणजे टाइपरायटर बनवणाऱ्या कंपनीची. स्लाईड कोल्टची. नळी तिसऱ्याचीच. युद्धात सरकारनं दिसेल त्या कारखान्याला पिस्तुलं करायला लावली होती. शिलाई मशीनवाल्या सिंगरनंसुद्धा 500 नग केले, आणि आज त्या एकेका नगासाठी संग्राहक वेडे होतात. नंतर ही सगळी पिस्तुलं दुरुस्तीला शस्त्रागारात गेली की कारागीर ती सोडवायचे, फ्रेम एका ट्रेमध्ये, स्लाईड दुसऱ्यात, नळ्या तिसऱ्यात. तपासून, झिजलेलं फेकून, हाताला येईल ते जोडून परत बाहेर. कुठली फ्रेम कुठल्या स्लाईडची याच्याशी फौजेला देणंघेणं नव्हतं, गोळी सुटली म्हणजे झालं. रशियानं जर्मनांकडून जिंकून घेतलेल्या पिस्तुलांचंही तसंच झालं. सुटी केली, नवा काळा मुलामा दिला, जोडली, कोठारात टाकली. पुढे कित्येक वर्षांनी ती बाजारात आली.

तिथले संग्राहक यावरून भांडतात म्हणे. काहींना सगळे नंबर जुळलेलंच पिस्तूल पाहिजे, मिश्र भागांचं दिसलं की किंमत पाडतात. काही म्हणतात, खरं फौजेत राबलेलं ते हेच, जुळलेलं ते कुणाच्या तरी कपाटात झोपलेलं. मित्र दुसऱ्या गटातला. सोडतीत लागलं तेच कौतुकाचं, असंही असेल.

मेजरांच्या पिस्तुलाबद्दल त्याचा अंदाज असा: एफएनचा बेल्जियममधला कारखाना 1940 ते 1944 जर्मनांच्या ताब्यात होता आणि त्या काळातल्या मालावर जर्मन तपासनिसाचा गरुड असतो. म्हणजे स्लाईड त्या वेळची आणि फ्रेम दुसऱ्या कुठल्या तरी पिस्तुलाची. कुणी, कुठे जोडली, देव जाणे. त्याच्या दृष्टीनं प्रश्न संपला होता, कारण अमेरिकन कायद्यात पिस्तुलाची फ्रेम म्हणजेच पिस्तूल, बाकीचे सुटे भाग.

आपल्याकडे तसं नाही. आपल्या कायद्यात शस्त्राच्या व्याख्येतच शस्त्राचे भागही येतात. आणि कलम 8 तर भलतंच कडक आहे. हत्यारावरचा नंबर खोडलेला, बदललेला किंवा बनावट असेल, तर तो ज्याच्या ताब्यात सापडला त्यानंच तसं केलं असं गृहीत धरतात. तसं नाही हे सिद्ध करायचं त्यानंच. मेजर तर गेलेले. म्हणजे सिद्ध करायचं काकूंनी, सत्तरी ओलांडलेल्या बाईनं, ज्यांनी त्या पिस्तुलाला कुंकवापलीकडे हात लावला नाही.

आता माझी चूक.

दुसऱ्या दिवशी स्टँडवरच्या टपरीवर आम्ही चार-पाच जण चहा घेत होतो. मी रंगात येऊन म्हणालो, "मेजरांच्या घरी दोन नंबरचं पिस्तूल निघालं." मला कोटी करायची होती. नंबर दोन आहेत, म्हणून दोन नंबरचं. हसलेसुद्धा सगळे. पुढची हकीकत मी सांगितली, पण तोवर दोघं उठून गेले होते.

संध्याकाळपर्यंत एका यूट्यूब चॅनेलवर पट्टी: निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरात दोन नंबरचं पिस्तूल, जबलपूर कनेक्शन? प्रश्नचिन्ह टाकलं की आमच्या धंद्यात सगळं माफ असतं. जबलपूर का, तर 2018 मध्ये तिथल्या डेपोतून बाद झालेल्या एके-47 चे भाग चोरून, जोडून बिहारमध्ये मुंगेरला विकल्याचं प्रकरण पोलिसांनी बाहेर काढलं होतं आणि त्यात एका निवृत्त आर्मररला अटक झाली होती. जबलपूर हा शब्द टपरीवर मीच उच्चारला होता. बाकी जोडणी त्यांनी केली. एका घटनेची फ्रेम, दुसऱ्या घटनेची स्लाईड.

या मातीत हत्याराची गोष्ट लगेच पेटते. अपशिंगे मिलिटरी आपल्याच जिल्ह्यातलं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. प्रतिसरकारच्या काळात नागनाथअण्णांनी गोव्यातून हत्यारं कशी आणली, हे ऐकत आमची पिढी वाढली. त्यामुळे पिस्तूल म्हटलं की लोकांचे कान टवकारतात, कागद म्हटलं की कुणी थांबत नाही.

काकूंच्या घरी दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी आला तो पुण्याचा एक एजंट. "कागद क्लिअर झाले की आम्हालाच सांगा," म्हणून कार्ड ठेवून गेला. मुलाला कंपनीत कुणीतरी व्हिडिओ दाखवला, त्याचा मला फोन. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. म्हणाला, "दादा, बाबा तुमच्या बातम्या कापून ठेवायचे." आणि फोन ठेवला.

मी गेलो. काकूंनी चहा ठेवला. नंतर आम्ही मेजरांची काळी ट्रंक काढली. वर त्यांचं नाव आणि नंबर पांढऱ्या रंगात. आत डिस्चार्जचे कागद, पेन्शनची फाईल, माझ्या बातम्यांची कात्रणं (मी बघितली नाहीत), आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत जबलपूरच्या डेपोचं व्हाउचर. कागद घडीवर फाटलेला, पण टाइप स्पष्ट. पिस्तुलाचं वर्णन, फ्रेमचा नंबर, आणि त्यापुढे कंसात स्लाईडचा नंबर, वेगळा. कुणीतरी डेपोतल्या बाबूनं एवढ्या वर्षांपूर्वी दोन्ही नंबर लिहून ठेवले होते. मी त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडले.

व्हाउचरची प्रत, परवान्याची प्रत आणि अर्ज ठाण्यात दिला. अंमलदारानं दोन्ही नंबर पुन्हा ताडून बघितले, पंचनामा केला, नोंद दुरुस्त झाली. जिल्हा कचेरीतलं पत्र अजून यायचंय. मुलाला परवाना नकोय, काकूंनाही पिस्तूल नको. पुढे काय करायचं ते त्यांचं घर ठरवेल. एजंटाचं कार्ड काकूंनी चुलीत घातलं, मी असतानाच.

चॅनेलवाल्यानं व्हिडिओ काढून टाकला, खुलासा केला नाही. मी काकूंना म्हटलं, मी पेपरात लिहितो. त्या म्हणाल्या, "पेपरात नको. तू चहावर बोललास नव्हं? मग ते चहावाले जिथं वाचतात तिथं लिही."

म्हणून इथे लिहिलं. पिस्तूल अजून मालखान्यात आहे. त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर आता दोन नंबर आहेत, एकाखाली एक, आणि शेजारी मेजरांचं नाव.