नंबर कुठे लागला?

1980 च्या दशकात कळमनुरीच्या मुलाने मेडिकलला जायचं म्हटलं, तर डोळ्यांसमोर दोनच कॉलेजं असायची. एक औरंगाबादचं, 1956 सालचं, ज्याला सगळा मराठवाडा आजही घाटीच म्हणतो. दुसरं अंबाजोगाईचं, सत्तरच्या दशकात निघालेलं. नांदेडचं 1988 मध्ये सुरू झालं, ते आमच्यातल्या धाकट्यांच्या वाट्याला आलं. लातूरचं सरकारी कॉलेज तर थेट 2002 चं. म्हणजे निवड करायला फारसं काही नव्हतंच. तरी त्या दोन नावांवर आमच्या घरांत महिना महिना खल चालायचा. आजची मुलं पन्नास नावं लावतात, पण तेवढं बोलत नाहीत, असं मला वाटतं. हे वाटणं कितपत खरं आणि कितपत वयाचं, हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

आज इथली मुलगी नीटच्या निकालानंतर सीईटी सेलच्या साइटवर पसंतीक्रम भरायला बसते, तेव्हा तिच्यापुढे राज्यातली पन्नासहून अधिक कॉलेजं असतात. सरकारी कॉलेजांतल्या 85 टक्के जागा राज्याच्या यादीतून, 15 टक्के देशपातळीवरच्या यादीतून. म्हणजे दोन याद्या, दोन वेळापत्रकं, दोन्हींचे राऊंड. नुसत्या मराठवाड्यात बघितलं तरी धाराशिवला 2022 मध्ये सरकारी कॉलेज झालं, परभणीला 2023 मध्ये, जालना आणि हिंगोलीला 2024 मध्ये. हिंगोली! आम्ही जिथे दसऱ्याचं प्रदर्शन बघायला जायचो, जो 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता, तिथे आता शंभर मुलं दरवर्षी एमबीबीएसला प्रवेश घेतात. कळमनुरीपासून वीसेक किलोमीटर. आमच्या आईवडिलांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी आधी आमच्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता.

आम्ही विचारायला जायचो. निवडीतला निम्म्याहून जास्त भाग तो होता. पहिला मान गावातल्या डॉक्टरांचा. संध्याकाळचे पेशंट संपेपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून राहायचं, वडिलांनी टोपी काढून मांडीवर ठेवायची, आपण मार्कशीटची सुरनळी दोन्ही हातांत धरायची. डॉक्टर मार्कशीट उलगडून आधी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी या तीनच ओळी बघायचे आणि मनातल्या मनात बेरीज करायचे. मग चिठ्ठ्यांच्या पॅडचा एक कागद उलटा करून त्यावर रेघा ओढत सांगायचे: पूर्णेला गाडी कुठे बदलायची, औरंगाबादला उतरल्यावर घाटीपर्यंत कसं जायचं, कोणत्या मेसमध्ये पोटभर मिळतं, पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीचं इंग्रजी डोक्यावरून जातं तेव्हा काय करायचं. कॉलेजविषयी त्यांचा निकष एकच असायचा, पेशंट किती येतात. घाटीत अख्ख्या मराठवाड्याचा पेशंट येतो, म्हणून घाटी आधी. अंबाजोगाईला गाव लहान, खर्च कमी आणि मास्तर मुलांना नावाने ओळखतात, म्हणून अंबाजोगाईही वाईट नाही. एवढं ऐकून आम्ही उठायचो. त्या उलट्या कागदाची घडी पुढे कित्येक दिवस वडिलांच्या खिशात असायची.

त्या डॉक्टरांच्या आधीची पिढी हैदराबादकडे बघायची. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात, त्यामुळे मोठ्या शिक्षणाचं गाव म्हणजे हैदराबाद, आणि उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवलं जायचं. त्यांच्यापुढे एक नाव होतं, आमच्यापुढे दोन आली, आणि तेवढ्यावर आम्ही स्वतःला भाग्यवान समजत होतो.

आजच्या मुलीला बाकावर बसून राहावं लागत नाही. कोणत्या कॉलेजला गेल्या वर्षी कोणत्या राऊंडला किती गुणांवर शेवटचा प्रवेश झाला, हे तिला पाठ असतं. वसतिगृह आहे की भाड्याची खोली, बाँडचं काय, पुढे एमडीच्या जागा किती, हे सगळं ती फोनवरच बघते. आमच्या डॉक्टरांना यातलं अर्धंही सांगता आलं नसतं. सरकारी कॉलेजमधून शिकलं की एक वर्ष शासनाची सेवा करायची, नाहीतर दहा लाख भरायचे, हे तिला अठराव्या वर्षी माहीत असतं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना बाँड म्हणजे काय हे त्यावर सही करताना कळलं. तिचं ज्ञान आमच्यापेक्षा पक्कं आहे, यात वादच नाही.

पण ती विचारते ते अनोळखी माणसांना. यूट्यूबवरचा एक सर, टेलिग्रामवरचा एक ग्रुप, फी घेऊन यादी लावून देणारा एक काउन्सेलर. ते सांगतात ते बहुतेक वेळा बरोबरही असतं. मात्र त्यातल्या कोणाला तिचं घर माहीत नाही, आई शेतावर एकटी पडेल हे माहीत नाही, तिला लहानपणी दम्याचा त्रास होता हे माहीत नाही. आमच्या डॉक्टरांना हे सगळं माहीत होतं, कारण तो दमा त्यांनीच बरा केलेला असायचा. आणि दुसरं असं, की दहावी झाली की ही मुलं नांदेडला किंवा लातूरला खोली करून राहतात. दोन वर्षं क्लास, टेस्ट सिरीज, पुन्हा क्लास. यादी भरायची वेळ येते तेव्हा गावाशी त्यांचा संबंध सुट्टीपुरता उरलेला असतो. कोणी आपल्याला विचारायला यावं असं गावालाही वाटत नाही, आणि गावात कोणाला विचारावं हे मुलांनाही सुचत नाही.

कागदांचं मात्र सांगायला हवं, कारण त्यात आमचा जीव जायचा. अर्ज मागवायचा, तो पोस्टाने यायचा. तहसीलसमोरच्या टायपिस्टकडून मार्कशीटच्या नकला टाइप करून घ्यायच्या आणि त्यावर गॅझेटेड ऑफिसरची सही मिळवायची. मला त्यातला एक अधिकारी अजून आठवतो. मूळ मार्कशीट डावीकडे, नक्कल उजवीकडे ठेवून तो दोन्हींवर एकेक बोट ठेवायचा आणि ओळीमागे ओळ दोन्ही बोटं एकदम खाली न्यायचा. कुठे आकडा चुकला असेल तर बोट थांबायचं, आणि आमचा श्वासही. शेवटी गोल शिक्क्यावर हा करून तोंडाची वाफ द्यायचा, दाबायचा, सही करायचा. मग डोमिसाईल, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, स्वतःचा पत्ता लिहून तिकीट लावलेले लिफाफे, आणि सगळं रजिस्टर पोस्टाने रवाना. पोहोचपावतीचं कार्ड परत येईपर्यंत पोस्टमन हा गावातला सर्वांत महत्त्वाचा माणूस.

या कागदांवर किती मुलांची वर्षं गेली, हे विसरून त्या शिक्क्याची आठवण काढणं मला पटत नाही. आमच्याबरोबरचा एक जण गुणांत बसत होता. एका कार्यालयाने दाखल्यावरच्या नावातला एक काना दुरुस्त करायला इतके दिवस लावले, की अर्जाची तारीख निघून गेली. त्याने बीएस्सी केलं, पुढे शिक्षक झाला, उत्तम शिक्षक झाला. तरी दरवर्षी जूनमध्ये तो त्या तारखेबद्दल एकदा तरी बोलतो. खेड्यांतल्या मुलांचं तर आणखी वाईट. जाहिरात पेपरात यायची, पेपर एसटीने दुपारी यायचा, आणि तोही कळमनुरीपर्यंत. पुढच्या वाडीवर ती जाहिरात पोहोचायची ती वडे-भजी बांधलेल्या कागदातून, तारीख उलटून गेल्यावर. आता स्वतःच सही करून नक्कल खरी आहे म्हणता येतं, दाखले स्कॅन करून चढवता येतात, आणि अंतिम तारीख वाडीवरच्या मुलालाही त्याच मिनिटाला कळते. जातपडताळणी आजही रडवते, साइट शेवटच्या रात्री आजही बसते. पण काना चुकला म्हणून आयुष्य वळण्याचे दिवस कमी झाले, आणि ते कमी झाले याचा मला मनापासून आनंद आहे.

मुलींचं लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आमच्या बॅचमधल्या एका मुलीचा अंबाजोगाईला नंबर लागला होता. घरी चार दिवस बैठक बसली, आजोबा, काका, आत्या, सगळे जण बोलले, आणि ती गेली नाही. एवढ्या लांब मुलीला ठेवायचं कसं, हा एकच मुद्दा. तिला कोणी विचारलं नाही, आणि आम्हीही, तिच्या वर्गातल्या मुलांनीही, त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मानलं नाही. सारं गाव मिळून निर्णय घेत होतं असं आज मी हळवं होऊन म्हणतो. त्या गावात निर्णय असेही होत होते.

आता 2024 च्या जुलैपासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी घरांतल्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी शासन भरतं, प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅपच्या, राऊंडमधून झाला असेल तर. त्यामुळे मुलीच्या यादीत खासगी कॉलेजंही येतात. आमच्या वेळी खासगी म्हटलं की डोनेशन, आणि डोनेशन म्हटलं की जमीन. ज्याची विकण्याजोगी जमीन होती त्याचा मुलगा कर्नाटकात जायचा, ज्याची नव्हती त्याच्यापुरता तो विषय संपायचा. मुलीसाठी जमीन विकल्याचं मी तेव्हा ऐकलं नाही.

मराठवाड्याच्या मुलाने मराठवाड्यातच बघावं, असाच तेव्हा रिवाज होता. पुढे त्याला 70:30 म्हणू लागले: 70 टक्के जागा विभागातल्या मुलांना, 30 टक्के सगळ्या राज्याला. मागास भागाला हे संरक्षण, असं आम्ही बरीच वर्षं समजत होतो. पण मराठवाड्यात कॉलेजं कमी, जागा कमी, आणि लातूर-नांदेडकडून गुण आणणारी मुलं वाढत चाललेली. संरक्षणाचीच भिंत झाली. 2020 च्या सप्टेंबरमध्ये तो नियम रद्द झाला. आता कळमनुरीची मुलगी यादीत पहिलं नाव मुंबईच्या केईएमचं लिहिते, दुसरं पुण्याच्या बी. जे.चं. आणि पुण्याचा मुलगा तिसाव्या क्रमांकावर नांदेड लिहितो, चाळिसाव्यावर हिंगोली. तो आयुष्यात पहिल्यांदा या बाजूला येईल तो त्या चाळिसाव्या पसंतीमुळे. मला हे फार आवडतं.

पालकांना मात्र या यादीची भीती वाटते. वर मोठी नावं लिहिली तर खालचं हातचं जाईल, अशी ती भीती. तसं होत नाही. गुणक्रमानुसार एकेकाची पाळी येते, आणि आपली पाळी आली की यादीत जे सर्वांत वरचं नाव तेव्हा मोकळं असेल ते मिळतं. केईएम पहिलं लिहिल्याने हिंगोली कमी होत नाही. पण ज्यांनी आयुष्यभर मिळेल ते आधी पदरात पाडून घेतलं, त्यांना हे पटायला वेळ लागतो. मुलगी समजावते, वडील मान हलवतात, आणि रात्री पुन्हा विचारतात, बाई गं, हिंगोली जरा वर नको का घ्यायला?

निकालाची तऱ्हाही बदलली. आम्ही भिंतीवर चिकटवलेल्या यादीवरून बोट खाली नेत जायचो. आपलं नाव येईपर्यंत दुसऱ्यांची नावं वाचावी लागत, आणि त्यामुळे परभणीचा कोण पुढे आहे, गंगाखेडची कोण आपल्या मागे आहे, हे ठाऊक व्हायचं. पुढे हॉस्टेलवर तीच माणसं भेटायची आणि ओळख आधीच झालेली असायची. ज्याचं नाव नसे त्याला मात्र सगळ्यांच्या देखत मागे फिरावं लागे. आता पीडीएफमध्ये आपलं नाव टाकलं की ते थेट समोर येतं. रडायचं असेल तर घरात रडता येतं. हे नक्कीच बरं आहे. आणि मागचं-पुढचं नाव कोणाचं, हे आजच्या मुलीला सांगता येत नाही.

तिच्या हातातले आकडेही फार दिवस टिकत नाहीत. 2024 च्या नीटच्या पहिल्या निकालात 67 मुलांना 720 पैकी 720 मिळाले. 2025 मध्ये देशात पहिल्या आलेल्या मुलाचे गुण 686. गेल्या वर्षीचा कट-ऑफ यंदाच्या मुलीला काय सांगणार? अशा वेळी शेवटी जो निकष उरतो तो आमच्या डॉक्टरांचाच: तिथे पेशंट येतो का, शिकवणारी माणसं आहेत का, आणि आजारी पडलीस तर बघायला कोण आहे. हे कोणत्याही कट-ऑफच्या तक्त्यात नसतं. ते तिथे राहणाऱ्याला विचारावं लागतं.

म्हणून यंदा यादी लावणाऱ्या मुलांना माझी एक विनंती आहे. हिंगोली कितव्या क्रमांकावर ठेवायचं हे तुम्हीच ठरवा. नवं कॉलेज आहे, तुमच्या शंका रास्त आहेत, आणि केवळ घराजवळ आहे म्हणून ते वर घ्या असं मी म्हणणार नाही. पण क्रमांक टाकण्याआधी एकदा सकाळच्या एसटीने जाऊन या. ओपीडीच्या रांगेत उभे राहा, ती किती लांब आहे ते बघा, आणि पहिल्या वर्षाचं कोणी पोर चहाला आलेलं दिसलं तर त्याच्या शेजारी बसून विचारा. दुपारच्या गाडीने परत येता येतं.