रोग नदीवरील अर्धपौंडी

अमेरिकेंतील ऑरेगन संस्थानांत क्रेटर सरोवराजवळ उगम पावून, सुमारें २१५ मैल वाहत जाऊन पॅसिफिक महासागरास मिळणाऱ्या नदीचें नांव रोग! चाळीस वर्षांपूर्वीं तिच्या कांठीं नोकरीस लागल्याचें मीं घरीं कळवितांच मातोश्रींचें उत्तर आलें, "असल्या नांवाच्या पाण्यांत उतरूं नकोस हो."

परंतु उतरलों. एका वृद्ध शेजाऱ्यांनीं पिसें व दोरा गुंडाळून केलेली लटकी माशी पाण्यावर फेंकावयास शिकविलें. माशीनें मासा फसवावा, असा हा खेळ! येथील स्टीलहेड मासा नदींत जन्मतो व समुद्रांत वाढतो. पण कांहीं कोंवळे मासे समुद्रांत दोनचार महिनेच राहून उन्हाळ्याच्या अखेरीस माघारीं येतात. अंडीं घालावयास नव्हे. हिवाळा नदींत काढून ते पुनः समुद्र गांठतात. लोक त्यांना अर्धपौंडी म्हणतात.

माझ्या गळास पहिला लागला, तेव्हां दोर थरथरला. ओल्या हातांत दीड वितीचा रुपेरी जीव धडपडत होता. कांटा काढून मीं त्यास सोडून दिलें. यांत पुण्य कसलें? कांटा मींच टोचला होता. शेजारी म्हणाले, "याला घराची ओढ लवकर लागली." मलाही घर सोडून चारच महिने झाले होते.

पुढें त्या नदीवरील, १९२१ सालीं बांधलेला सॅव्हेज रॅपिड्सचा बंधारा २००९ मध्यें काढून टाकला व माशांची वाट अधिक मोकळी झाली. माझी वाट तर कोणींच अडविली नव्हती. तरी मी घरीं परतलों तेव्हां सहा वर्षें लोटलीं होतीं, आणि दारांत आई नव्हती.