अशोक विजयादशमीचे पाहुणे



नागपुरात घर असले की अशोक विजयादशमीला पाहुणे येणारच. दीक्षाभूमीला येणारा नातलग आपल्या घरी न उतरता दुसरीकडे गेला, तर वर्षभर मनाला लागून राहते. आम्ही तिघी जावा इंदोऱ्याकडच्या एका वस्तीत राहतो. तीन भावांचे एकत्र घर, खाली तीन खोल्या, वर गच्ची, संडास एक. घरची माणसे अकरा. विजयादशमीच्या आदल्या दिवशी यात तीस-पस्तीस माणसांची भर पडते. भंडाऱ्याची आत्याबाई येतात, यवतमाळचे मामेसासरे येतात, कल्याणची नणंद सेवाग्राम एक्स्प्रेसने मुलाबाळांसह उतरते. कोणी सोबत शेजाऱ्यालाही घेऊन येतो. "आमच्या गावचे आहेत, पहिल्यांदाच आले," एवढी ओळख पुरते.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महास्थवीर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना त्रिशरण, पंचशील व बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या वर्षी तो दिवस विजयादशमीचा होता. म्हणून आजही सोहळा तिथीने होतो आणि तारीख दरवर्षी बदलते. २०२२ साली ती ५ ऑक्टोबरला आली, २०२३ साली २४ ऑक्टोबरला. रजा, मुलांच्या परीक्षा, पगाराची तारीख, सगळ्यांचा मेळ या तिथीशी घालावा लागतो. म्हणून नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की आम्ही पहिली खूण १४ एप्रिलला करतो आणि दुसरी विजयादशमीला.

आमच्या सासूबाई १९५६ साली सहा वर्षांच्या होत्या. वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी तो जनसागर पाहिला. माणसे दिसत नव्हती, नुसते पांढरे दिसत होते, असे त्या सांगतात. पुढे १९६८ साली लग्न होऊन त्या या घरात आल्या. २०२० साली कोरोनामुळे दीक्षाभूमीवरचा सोहळा झाला नाही आणि घरात कोणी पाहुणाही आला नाही. त्या संध्याकाळी घरीच वंदना घेतली. वंदना झाल्यावर सासूबाई सहज बोलून गेल्या, "लग्नानंतर बावीस वर्षे मी या दिवशी दीक्षाभूमी पाहिलीच नाही. माणसे जायची, यायची, जेवायची. मी चुलीपुढे." त्यात तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस कमी झाला असे सांगावे तसे त्या बोलल्या.

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिले. आमचेही तेच चालले होते. धाकटीच्या लग्नाला नऊ वर्षे झाली होती आणि त्यातली सात वर्षे तिने तो दिवस पोळ्या लाटण्यात काढला होता. सेहेचाळीस माणसे, माणशी चार पोळ्या, म्हणजे एका वेळेला एकशे चौऱ्याऐंशी पोळ्या. सात किलो कणीक. एक पंगत उठेपर्यंत दुसरी आलेली. मग भांडी, मग चहा, मग पुन्हा कणीक. दीक्षाभूमी घरापासून पायी दीड तासावर, पण आमच्यासाठी ती शंभर कोसांवर होती.

२०२२ साली पाहुणे पूर्वीसारखे यायचे ठरले, तेव्हा दोन महिने आधी आम्ही घरात बैठक बोलावली. आमचे म्हणणे एवढेच होते की यंदा घरातली प्रत्येक बाई दीक्षाभूमीला जाईल आणि सासूबाई सगळ्यांच्या आधी जातील. मोठे भाऊजी म्हणाले, "जा ना, कोण अडवतो? पण पाहुण्यांना ताट कोण वाढेल? लोक काय म्हणतील?" ते वाईट मनाने बोलले नाहीत. आलेला माणूस उपाशी जाऊ नये, हे त्यांनी गरिबीच्या दिवसांत आईकडूनच शिकले होते. आम्ही म्हटले, माणूस उपाशी जाणार नाही, फक्त रांधणारे हात बदलतील. थोडी बोलाचाली झाली. एक दिवस अबोलाही झाला. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "बाबासाहेबांनी दीक्षा देताना बाया वेगळ्या आणि माणसे वेगळी केली नव्हती." त्यावर कोणी काही बोलले नाही.

मग आम्ही तयारीला लागलो. ज्यांच्या घरी असाच गोतावळा जमतो, त्या भगिनींना उपयोग व्हावा म्हणून इथे सांगतो.

पहिली गोष्ट पैशांची. पूर्वी ऐन वेळी उसनवारी व्हायची आणि ती फेडता फेडता संक्रांत उलटायची. आम्ही तिघींनी दर महिन्याला प्रत्येकी पाचशे रुपये एका डब्यात टाकायला सुरुवात केली. वर्षाचे अठरा हजार होतात. किराणा, जादा सिलिंडर, भाड्याच्या सतरंज्या आणि मोठे गंज त्यात भागतात. पाहुण्यांकडून पैसे घेणे आम्हाला पटत नाही. पण भंडाऱ्याहून येताना तांदूळ आणि यवतमाळहून येताना तुरीची डाळ आणायला काय हरकत? आम्ही फोन करून मोकळेपणाने सांगितले. आत्याबाई म्हणाल्या, "इतकी वर्षे मीच संकोचत होते, आणू की नको म्हणून."

दुसरी गोष्ट जेवणाची. मुख्य दिवशी पोळी बंद. सकाळी आलूपोहे आणि चहा. दुपारी मसालेभात, वांग्याची भाजी आणि ताक. रात्री वरणभात आणि झुणका. गोड म्हणून एकदाच खीर. सेहेचाळीस माणसांना एका वेळेला पाच किलो तांदूळ आणि सव्वादोन किलो डाळ पुरते, हे आम्ही आता वहीत लिहून ठेवले आहे. कांदे सोलणे, सांबार निवडणे, मसाला वाटणे आदल्या रात्रीच उरकतो. गप्पांच्या नादात वीस हात कसे चालतात ते कळतही नाही.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. मुलीने ड्रॉइंगच्या कागदावर तक्ता करून दारामागे लावला. सकाळी सहा ते अकरा स्वयंपाक माणसांकडे. त्या वेळात बाया दीक्षाभूमीला. अकरानंतर माणसे जातील. भांडी तरुण मुलांकडे, पाणी भरणे जावयांकडे. जावयाचे नाव तक्त्यावर पाहून आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. पण कल्याणचे जावई स्वतः म्हणाले, "मी कंपनीच्या कँटीनमध्ये पन्नास माणसांचे जेवण रोज पाहतो, मसालेभात माझ्याकडे द्या." त्यांचा भात मोठ्या भाऊजींच्या भातापेक्षा मोकळा झाला, ही गोष्ट अजून घरात निघते.

संडासाचा प्रश्न लहान नाही, त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. शेजारच्या दोन घरांशी आधीच बोलून ठेवायचे. पहाटे चार ते सहा फक्त बाया आणि म्हातारी माणसे. झोपायला बाया खाली, माणसे गच्चीवर. पाऊस आलाच तर वस्तीतल्या विहाराचा हॉल. रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या कोणाच्या कोणत्या, हे आल्याबरोबर विचारून घ्यायचे. गर्दीत लहान मुलांच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवायची.

आणि एक गोष्ट बोलायला अवघड, पण बोलली पाहिजे. दारू पिणार नाही, ही बावीस प्रतिज्ञांतलीच एक प्रतिज्ञा आहे. त्या दिवशी कोणी पिऊन घरात आला तर त्याला वाढायचे नाही, असे आम्ही ठरवले. एका वर्षी एका जवळच्या नातलगाला विहाराच्या ओट्यावर झोपवावे लागले. सकाळी त्याला चहा दिला, पण रात्री दार उघडले नाही. पुढच्या वर्षी तो आला, शुद्धीत आला.

५ ऑक्टोबर २०२२ च्या सकाळी पांढऱ्या साड्या नेसून आम्ही सतरा बाया निघालो. सासूबाईंना रिक्षाने जमेल तिथपर्यंत नेले आणि पुढे धरून धरून चालवले. स्तूपाजवळ पोचल्यावर त्यांनी हात जोडले आणि बराच वेळ सोडले नाहीत. धाकटी रडली. आत्याबाईंनी पुस्तकांच्या दुकानांवरून नातीसाठी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' घेतले. तेव्हापासून आमच्याकडे या दिवशी लहान मुलांना कपड्यांऐवजी पुस्तकच मिळते. घरी परतलो तेव्हा मोठे भाऊजी घामाघूम होऊन गंजात झारा फिरवत होते. म्हणाले, "एवढे काम तुम्ही दरवर्षी करत होता?" आम्ही हसलो आणि ताटे घेतली.

२० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात भरलेल्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. आम्ही फार शिकलेल्या नाही. एक जण अंगणवाडीत मदतनीस, एक शिवणकाम करते, एक घरीच असते. पण आमच्या घरापुरते ते माप आम्हाला लावता येते.

सगळे सुरळीत झाले असे नाही. अजूनही एखादा पाहुणा चहा बाईच्याच हातचा मागतो. अजूनही तक्त्यावरची काही नावे कामाच्या वेळी बाजारात जाऊन बसतात. पण तक्ता दरवर्षी लागतो आणि दरवर्षी त्यावर एखादे नवे नाव चढते.

भगिनींनो, येत्या विजयादशमीला तुमच्या घरीही माणसे येतील. त्यांना प्रेमाने जेवू घाला. पण पाहुण्यांची यादी कराल तेव्हा दीक्षाभूमीला जाणाऱ्यांची यादीही करा आणि तिच्यात सगळ्यात वर घरातल्या म्हाताऱ्या बाईचे नाव लिहा.

नमो बुद्धाय, जय भीम.