हेतूच्या वहीतले नाव

लकडगंजात सकाळची मिस्सा आटोपते, तोवर आरागिरण्यांचा आवाज सुरू झालेला असतो. अशाच एका सकाळी सॅक्रिस्टीच्या दाराशी एक माता येऊन उभी राहिली. आपल्या अपत्याच्या वाढदिवसानिमित्त तिला मिस्सा सांगायची होती. मी हेतूची वही उघडली. पण ती नाव सांगेना. अखेर खालच्या आवाजात म्हणाली, "फादर, कोण्या नावानं लिहू? बाप्तिस्म्याचं नाव त्याला नको झालं, अन् त्यानं घेतलेलं बाईचं नाव माझ्या तोंडी येत नाही."

माझी लेखणी थबकली. कारण या दुःखात माझाही वाटा होता. काही वर्षांपूर्वी तेच मूल माझ्याकडे आले होते. "फादर, मी आतून मुलगी आहे," एवढेच ते कसेबसे बोलले. मी पाच मिनिटेही ऐकून घेतले नाही. प्रार्थना कर, उपवास कर, हे खूळ जाईल, असे सांगून त्याला वाटेला लावले. सेमिनरीत शिकलेले उत्तर माझ्यापाशी तयार होते. समोरच्याला बसायला खुर्ची द्यावी, हे मात्र सुचले नाही. पुढे त्या मुलाने घर सोडले आणि चर्चही.

वाचकहो, ख्रिस्तसभेची शिकवण सौम्य करून सांगावी, असे मला वाटत नाही. परमेश्वराने मानवाला स्त्री व पुरुष असे निर्माण केले, शरीर हे त्याचे दान आहे, ही आपली श्रद्धा आहे. 'दिग्नितास इन्फिनिता' या एप्रिल २०२४ च्या घोषणापत्राने लिंगबदलाच्या उपचारांविषयी प्रतिकूल मत नोंदवले. जननेंद्रियांतील दोषांवरच्या वैद्यकीय उपचारांना तेवढे वगळले. परंतु मनुष्याची प्रतिष्ठा कोणत्याही परिस्थितीत नष्ट होत नाही, हाच त्या घोषणापत्राचा पाया आहे. त्याआधी, ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ब्राझीलमधील एका बिशपांच्या प्रश्नांना उत्तर देताना व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत विभागाने स्पष्ट केले होते, की पारलिंगी व्यक्तीलाही इतर श्रद्धावंतांप्रमाणेच स्नानसंस्कार घेता येतो. मात्र त्यातून लोकांत अपवाद वा संभ्रम निर्माण होऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी त्या उत्तरास संमती दिली होती. शिकवणीच्या या दोन्ही बाजू एकत्र वाचायला मी फार उशिरा शिकलो.

पवित्र ग्रंथातही हा प्रवास आहे. अनुवादाच्या ग्रंथाने अंगच्छेद झालेल्यांना मंडळीत येण्यास मज्जाव केला होता. यशया संदेष्ट्याने मात्र छप्पन्नाव्या अध्यायात अशांना परमेश्वराच्या घरात स्थान आणि पुत्रकन्यांहूनही श्रेष्ठ असे नाव देण्याचे अभिवचन सांगितले. पुढे फिलिपने इथिओपियाच्या राणीच्या खोजा अधिकाऱ्याला वाटेतच स्नानसंस्कार दिला. त्यापूर्वी तो रथात त्याच्या शेजारी बसला होता, हे मी प्रवचनात कितीदा तरी सांगितले आहे.

इतवारीच्या बाजारात टाळी वाजवीत येणाऱ्या किन्नरांच्या हातावर आपण पाचदहा रुपये ठेवतो आणि नजर फिरवतो. १८७१ साली स्वतःला ख्रिस्ती म्हणविणाऱ्या ब्रिटिश राज्यकर्त्यांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्यात अशा लोकांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली होती. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी त्यांच्या स्वतंत्र ओळखीला मान्यता दिली. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ४०,८९१ जणांची नोंद स्त्री वा पुरुष या रकान्यांत नव्हे, तर 'इतर' म्हणून झाली. त्यातील प्रत्येकाला कोणी तरी आई होती. आता त्यांतलीच एक आई माझ्यासमोर उभी होती.

त्या क्षणी मायबोली माझ्या मदतीला आली. मराठीत 'तो' आहे, 'ती' आहे आणि 'ते' ही आहे. मी वहीत लिहिले : 'एका मातेच्या लेकरासाठी.' तिने ते वाचले आणि पदर डोळ्यांना लावला. एका शब्दाने प्रश्न सुटला, असे मी म्हणणार नाही. "फोन केला तर काय म्हणून हाक मारू?" तिने विचारले. "बाळा म्हणा," मी म्हणालो, "आणि फादरला क्षमा मागायची आहे, असाही निरोप द्या."

तिने फोन केला. बऱ्याच दिवसांनी दोघे बोलली. माझ्या निरोपावर पलीकडून उत्तर आले नाही, आणि ते मागण्याचा मला अधिकारही नाही.

वाढदिवसाच्या मिस्सेला आई पुढच्या बाकावर बसली होती. अर्पणविधीच्या वेळी माझी नजर पुन्हापुन्हा दाराकडे जात होती. कोणी आले नाही. परंतु एखाद्या रविवारी असे लेकरू आपल्या चर्चच्या शेवटच्या बाकापाशी येऊन उभे राहील. तेव्हा मागे वळून पाहू नका, कुजबुजू नका. थोडे सरकून त्याला जागा द्या. जे मला त्या दिवशी सुचले नाही, ते तुम्हाला सुचावे, एवढीच प्रभूचरणी प्रार्थना.