अंगठ्याचा कैवारी

संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून मी आपल्या चळवळीतील एखाद्या पर्वावर लिहीन, अशी त्यांची अपेक्षा असावी. यापूर्वी मी तसे लिहिलेही आहे. या वेळी मात्र मी एका स्पॅनिश कवीविषयी लिहिणार आहे. त्याचे नाव पेद्रो सालिनास. हा दूरदेशीचा माणूस आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याचे उत्तर असे की, त्याने माझ्या आईसारख्या माणसांवर एक निबंध लिहिला आहे, आणि त्या निबंधाशी माझे बरेच दिवस भांडण चालू होते.

प्रथम आईविषयी. मी सहावीत असताना वसतिगृहात दाखल झालो. आईला अक्षरओळख नव्हती. शेजारच्या मुलाला बसवून ती मजकूर सांगे आणि तो पोस्टकार्डावर उतरवून घेई. शेवटी त्याच्या दौतीतली शाई लावून ती आपला अंगठा उठवीत असे. तशी काही गरज नव्हती. सुट्टीत मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "अक्षर त्या पोराचं हाय, पत्र माझं हाय. तुला कळाया नको?" वसतिगृहातल्या मुलांनी तो निळा अंगठा पाहिला आणि 'अंगठेबहाद्दराचा मुलगा' म्हणून मला चिडवले. मी पत्रातून आईला कळविले की, यापुढे अंगठा उठवू नकोस. पुढचे कार्ड आले ते कोरे, अंगठ्यावाचून. तिने त्याविषयी मला कधी एका शब्दानेही विचारले नाही.

आता सालिनासविषयी. त्याचा जन्म २७ नोव्हेंबर १८९१ रोजी माद्रिद येथे झाला. बाबासाहेबांचे जन्मवर्षही तेच. दोघांच्या वाटा सर्वस्वी वेगळ्या होत्या. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी सालावळी सहज दिसते. बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना सालिनास पॅरिसला सोरबोन विद्यापीठात स्पॅनिश शिकवू लागला होता. पुढे १९१८ मध्ये तो सेव्हिल विद्यापीठात साहित्याचा प्राध्यापक झाला. तिथल्या त्याच्या विद्यार्थ्यांत लुईस सेर्नूदा हा तरुण होता. तो पुढे मोठा कवी झाला आणि गुरूप्रमाणेच परदेशात मरण पावला.

सालिनास प्रेमकवी म्हणून प्रसिद्ध आहे. १९३३ साली निघालेला 'ला व्होस आ ती देबीदा' हा त्याचा संग्रह स्पॅनिश प्रेमकवितेतील शिखर मानला जातो. परंतु तो तितकाच अभ्यासू होता. फ्रेंच कादंबरीकार प्रूस्त याच्या महाकादंबरीचा पहिला खंड त्याने १९२० मध्ये स्पॅनिशमध्ये आणला. मध्ययुगातील सिद नावाच्या वीरावरचे जुने महाकाव्य सामान्य वाचकाला कळेनासे झाले होते. १९२६ मध्ये त्याने ते आजच्या स्पॅनिश पद्यात उतरविले. जे थोड्यांच्या हाती आहे ते पुष्कळांच्या हाती द्यावे, ही ओढ त्याच्या पांडित्यात सुरुवातीपासून दिसते.

१९३१ मध्ये स्पेनमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. त्या वेळी तिथल्या खेड्यापाड्यांत निरक्षरता अफाट होती. नव्या सरकारने पहिल्या दोन महिन्यांतच, मे १९३१ मध्ये, 'शैक्षणिक मोहिमा' नावाचा उपक्रम सुरू केला. मानुएल बार्तोलोमे कोसीओ हे वृद्ध शिक्षणतज्ज्ञ त्याचे प्रमुख होते. विद्यार्थी आणि शिक्षक खेचरांच्या पाठीवर पुस्तकांच्या पेट्या लादून डोंगरातल्या गावांत जात. चित्रपट दाखवीत, नाटके करीत, प्रादो संग्रहालयातील थोर चित्रांच्या प्रतिकृती गावकऱ्यांपुढे मांडीत आणि निघताना गावाच्या शाळेत पुस्तकांचा एक छोटा संग्रह ठेवून येत. अशी हजारो ग्रंथालये त्या काही वर्षांत उभी राहिली. या उपक्रमाच्या नियामक मंडळावर कवी अंतोनिओ माचादो होता आणि पेद्रो सालिनासही होता. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम आहे.

सान्तान्देर या बंदराच्या गावी सालिनासने एक आंतरराष्ट्रीय उन्हाळी विद्यापीठ उभारण्यात पुढाकार घेतला होता. जुलै १९३६ मध्ये तो तिथेच असताना लष्कराने प्रजासत्ताकाविरुद्ध बंड केले आणि यादवी युद्ध पेटले. ऑगस्टच्या अखेरीस त्याने देश सोडला. अमेरिकेतील वेल्स्ली कॉलेजात त्याला अध्यापनाची जागा आधीच देऊ केलेली होती. थोड्या काळासाठी म्हणून गेलेला हा माणूस पुन्हा कधीही स्पेनला परतला नाही. १९३९ मध्ये हुकूमशाही स्थिरावली. ग्रंथालये नेणाऱ्या त्या मोहिमा संपल्या, अनेक शिक्षकांची चौकशी होऊन त्यांना काढून टाकण्यात आले, आणि माचादो तर फ्रान्सची सीमा ओलांडताच त्याच वर्षी फेब्रुवारीत वारला.

परागंदा माणसाचे घर जाते, हे आपल्याला समजते. सालिनासच्या बाबतीत भोवतालची भाषाही गेली. वेल्स्ली, नंतर १९४० पासून बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ, सगळीकडे इंग्रजी. वर्गात स्पॅनिश शिकवायचे आणि रस्त्यावर आले की ती ऐकू यायची नाही. १९४३ मध्ये तो तीन वर्षांसाठी प्युर्तो रिको बेटावर शिकवायला गेला. हे बेट १८९८ पासून अमेरिकेच्या ताब्यात होते आणि शाळांमधून इंग्रजी रेटली जात होती. तरी लोकांच्या तोंडी स्पॅनिशच होती. तिथल्या बाजारात, गाडीत, अंगणात आपली भाषा ऐकून हा माणूस पुन्हा हिरवा झाला. तिथल्या समुद्रावर त्याने 'एल कोन्तेम्प्लादो' हे दीर्घकाव्य लिहिले. १९४४ मध्ये तेथील पदवीधर विद्यार्थ्यांपुढे त्याने भाषेच्या मोलाविषयी भाषण केले. ज्याला आपले मन नीट बोलता येत नाही तो माणूस अपुरा राहतो, असे त्याचे सांगणे होते. पुढे ते भाषण आणि आणखी काही निबंध मिळून १९४८ मध्ये बोगोटा येथे 'एल देफेन्सोर' हा ग्रंथ निघाला. या नावाला मराठीत मी 'कैवारी' म्हणेन.

या ग्रंथात त्याने पत्रलेखनाचा कैवार घेतला आहे, वाचनाचा घेतला आहे, भाषेचा घेतला आहे. आणि एक निबंध आहे जुन्या निरक्षरांच्या कैवाराचा.

मला स्पॅनिश येत नाही. आपल्याच शाळेची एक माजी विद्यार्थिनी ती भाषा शिकून आता भाषांतराचे काम करते. तिने दर रविवारी सायंकाळी फोनवरून मला हा निबंध मराठीत करून सांगितला. सालिनास म्हणतो ते थोडक्यात असे: जुना निरक्षर माणूस अडाणी नव्हता. म्हणी, गाणी, कथा, माणसे ओळखण्याची रीत, हे सारे तो कानाने शिकला होता आणि स्मरणात वागवीत होता. खरा प्रश्न नव्या निरक्षरांचा आहे. त्यांना वाचता येते, पण ते वाचत नाहीत. किंवा आपल्या धंद्यापुरते, करमणुकीपुरते तेवढेच वाचतात. शाळेने त्यांना किल्ली दिली, पण त्यांनी दार कधी उघडलेच नाही.

हे ऐकून मला राग आला. मी त्या मुलीला म्हणालो, "बाई, हे त्यांना शोभते. आपल्याला नाही." ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्या उंबऱ्यात उभे राहून निरक्षरतेचे गुण सांगणे, ही क्रूर थट्टा आहे असे मला वाटले. माझ्याजवळ पुरावाही होता. नव्वदच्या दशकात आमच्या गावी प्रौढ साक्षरतेचा वर्ग निघाला. आई तेव्हा पन्नाशी ओलांडलेली. दिवसभर मजुरी करून ती रात्री कंदिलाशी बसली आणि आपले नाव लिहायला शिकली. त्यानंतर तिने कुठेही अंगठा दिला नाही. एकदा पैसे काढताना कारकुनाने सवयीने शाईची डबी पुढे सरकवली. तिने ती बोटाने परत सारली आणि पेन मागितले. पाच अक्षरे लिहायला तिला बराच वेळ लागला. मागची रांग थांबून राहिली, पण तिने घाई केली नाही. अशा बाईच्या अंगठ्याचा कैवार घेणारा हा प्राध्यापक कोण?

पुढच्या रविवारी मी माझी बाजू त्या विद्यार्थिनीपुढे मांडली. ती शांतपणे म्हणाली, "सर, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवणाऱ्या मंडळावर हेच गृहस्थ होते ना?" मी गप्प झालो. ही गोष्ट मीच तिला सांगितली होती. अक्षर पोहोचविण्यासाठी जो राबला, त्याला निरक्षरता टिकवायची नव्हती. तो कैवार निरक्षरतेचा नव्हता, निरक्षर माणसांचा होता. या दोहोंतला भेद माझ्या रागाने पुसून टाकला होता.

सालिनास माद्रिदच्या इतिहास-अभ्यास केंद्रात काम करीत असे. ते केंद्र रामोन मेनेंदेस पिदाल या महापंडिताच्या नेतृत्वाखाली चाले. त्यांची एक हकिगत इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जरूर जाणून घ्यावी. १९०० साली विवाहानंतर पिदाल आणि त्यांच्या पत्नी मारिया गोयरी प्रवासाला निघाले असता एका गावी कपडे धुणाऱ्या बाईच्या तोंडून त्यांना एक गाणे ऐकू आले. ते होते १४९७ मध्ये अकाली वारलेल्या राजपुत्र हुआनच्या मृत्यूचे. पंडितांच्या कोणत्याही संग्रहात ते नव्हते. चारशे वर्षे ते निरक्षर बायकांच्या गळ्यांनी सांभाळले होते. आपल्याकडे जात्यावर बसून आया-बायांनी बाबासाहेबांवर ओव्या रचल्या, त्या ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना याचे नवल वाटणार नाही. माझी आई त्यांपैकीच एक होती. माझ्या एम.ए.च्या अभ्यासक्रमात ती कुठेच नव्हती.

मग मी स्वतःकडे पाहिले. नोकरी लागल्यानंतरची कित्येक वर्षे मी पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका आणि परिपत्रके यांपलीकडे काय वाचले? सालिनासच्या हिशेबात नवा निरक्षर कोण ठरतो, हे मला कोणी सांगण्याची गरज उरली नाही. आईने पाच अक्षरांसाठी जेवढे श्रम घेतले तेवढे मी माझ्या पदवीच्या बळावर एका चांगल्या पुस्तकासाठीही घेतले नव्हते. बाबासाहेबांनी आपल्यासाठी ज्ञानाचे दार उघडले, असे आपण दर जयंतीला म्हणतो. ते उघड्या दाराशी उभे राहून पाठ फिरविण्यासाठी नव्हे.

सालिनास शेवटपर्यंत लिहीत राहिला. आकाशातून पडणाऱ्या बॉम्बवर 'सेरो' म्हणजे 'शून्य' ही कविता त्याने १९४४ मध्येच, हिरोशिमाच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध केली. परागंदा झालेला जिवलग मित्र, कवी होर्खे गियेन याच्याशी त्याचा पत्रव्यवहार १९२३ पासून मृत्यूपर्यंत चालला. आज तो ग्रंथरूपाने उपलब्ध आहे. पत्रांचा कैवार घेणाऱ्याने आधी स्वतः पत्रे लिहिली होती. ४ डिसेंबर १९५१ रोजी बॉस्टन येथे त्याचे निधन झाले. स्पेनचे दार बंदच होते. त्याला प्युर्तो रिकोच्या सान हुआन शहरात, त्याच्या आवडत्या समुद्राच्या काठच्या दफनभूमीत विसावा मिळाला. आपली भाषा बोलणाऱ्या माणसांच्या शेजारी.

त्या शेवटच्या रविवारी आणखी एक गोष्ट ध्यानात आली. स्पॅनिशपुरता मी निरक्षर होतो. कोणीतरी वाचत होते आणि मी ऐकत होतो, मध्येच "पुढे काय म्हणतो?" असे विचारत होतो. सुट्टीत घरी गेलो की आई चुलीपाशी बसून मला अगदी असेच म्हणायची, "वाच की मोठ्यानं." मी दोन पाने वाचून कंटाळायचो. ती विचारायची, "फुडं काय झालं?" मी म्हणायचो, "उद्या." असे पुष्कळ 'उद्या' राहून गेले. आई आता नाही. तिची अंगठा उठवलेली तीन पोस्टकार्डे माझ्याजवळ आहेत. मीच नको म्हटल्यामुळे चौथे नाही.

आपल्या शाळेतून शिकून गेलेल्यांना आणि आज मुले ठेवणाऱ्या पालकांना माझी एक विनंती आहे. दिवाळीच्या सुट्टीत मूल घरी आले की त्याच्या हाती पाठ्यपुस्तकाबाहेरचे एक पुस्तक द्या आणि घरातल्या न शिकलेल्या माणसाजवळ बसवून मोठ्याने वाचायला सांगा. आजी मध्ये काही बोलली तर त्याने थांबावे आणि ऐकावे. तिच्याजवळही सांगण्यासारखे पुष्कळ असते. आणि ती "पुढं काय झालं?" म्हणाली, तर उद्यावर टाकू नये. पान उलटावे.