चित्रं बघायला आलो होतो

‘कपहेड’ हा गेम मी विकत घेतला तो खेळायचा म्हणून नाही, बघायचा म्हणून. १९३० च्या दशकातली अमेरिकी कार्टूनं ही माझी जुनी खोड. बेटी बूप, पॉपाय, फ्लायशर स्टुडिओची ती रबरी हातापायांची मंडळी, जिथे घरं, झाडं, किटल्यासुद्धा गाण्याच्या ठेक्यावर हलतात. कॅनडातल्या चॅड आणि जॅरेड मोल्डनहावर या भावांनी त्याच जुन्या पद्धतीने एक अख्खा गेम केला आणि २०१७ च्या सप्टेंबरात तो बाजारात आला. प्रत्येक हालचाल कागदावर पेन्सिलने काढलेली, मग शाईने गिरवलेली, सेकंदाला २४ चित्रं. मागची दृश्यं जलरंगातली. संगीतासाठी खरे वादक बसवून जॅझ वाजवून घेतलेलं. हे पुरं करायला त्यांनी घरं गहाण टाकली होती.

आणि एवढा पसारा मांडून खेळणाऱ्याला देतात काय, तर तीन जीव! बॉसच्या, म्हणजे त्या लढाईतल्या मुख्य शत्रूच्या, अंगाला, गोळीला, उडत्या गाजराला, कशालाही चिकटलात की एक गेला. तीन गेले की लढाई पुन्हा पहिल्यापासून. मध्ये कुठे थांबा नाही, बॉसमध्ये किती जीव उरलाय ते दाखवणारी पट्टी नाही. मेल्यावर एक पाटी येते. तिच्यावर तो बॉस टोमणा मारतो, आणि खाली एका रेषेवर आपला कप, म्हणजे कपाच्या डोक्याचा आपला गडी, धावत धावत दाखवतो की तुम्ही कुठवर आला होतात. रेषा संपायला बोटभर अंतर उरलेलं असतं तेव्हा जी चिडचिड होते ती लिहून दाखवण्यासारखी नाही.

माझं मत लगेच ठरलं आणि ते मी भेटेल त्याला ऐकवलं. पंचपक्वान्नांचं ताट वाढायचं आणि दर घासाला पाहुण्याच्या हातावर चापट मारायची, असला हा प्रकार आहे. चित्रं बघायला उसंतच नाही. माझे डोळे सगळा वेळ पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात, स्वतःच्या कपावर. जुन्या पार्लरमधले गेम अवघड असायचे ते गल्ल्यात नाणी पडावीत म्हणून. इथे तर एकदा पैसे दिले की विषय संपला, मग हा छळ कशासाठी? जुनं दिसायचं म्हणून जुन्या गेमचे दुर्गुणही उचललेत, असं मी म्हणत होतो.

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आला. हा गेम दोघांना मिळून खेळता येतो. बॉसचा जीव तेव्हा वाढतो, पण एकजण मेला की त्याचं भूत वर तरंगायला लागतं आणि दुसऱ्याने वेळेत उडी मारून त्याला थाप दिली तर तो परत येतो. भाच्याने मला इतक्या वेळा परत आणलं की शेवटी कंटाळून म्हणाला, “मामा, तू तुझ्या कपाकडे काय बघत बसतोस? तो कुठे पळून जात नाही. फुलाकडे बघ.”

फूल म्हणजे कॅग्नी कार्नेशन. लढाईच्या आधी आपल्याच नादात डोलत असतं, मग मान वळवून आपल्याकडे बघतं आणि त्या गोड चेहऱ्याचा राक्षस होतो. डोक्याची मशीनगन करून बिया वर उडवतं. त्या खाली पडून रुजतात आणि चावरी रोपं होऊन अंगावर येतात. सगळ्यात वाईट म्हणजे ते तोंड ताणून पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मारतं, कधी वरच्या अंगाने, कधी जमिनीलगत. मला ते अचानक वाटायचं. फुलाकडे बघायला लागलो तेव्हा दिसलं की आधी मान मागे जाते, अंग आक्रसतं, क्षणभर सगळं थांबतं, आणि मग तोंड सुटतं. प्रत्येक वाराच्या आधी असं काहीतरी काढून ठेवलेलं आहे. आपण बघत नाही एवढंच.

ॲनिमेशनवाले याला अँटिसिपेशन म्हणतात. चेंडू फेकायच्या आधी हात मागे जातो, उडी मारायच्या आधी गुडघे वाकतात. ही पूर्वतयारी काढली नाही तर कार्टून निर्जीव दिसतं. जुन्या चित्रपटांत ती प्रेक्षकाच्या मजेसाठी होती. इथे तीच आपल्याला मिळणारी एकमेव सूचना. म्हणजे चित्र नीट बघणं आणि जिवंत राहणं हे एकच काम आहे. फ्लायशरची कार्टूनं मी इतकी वर्षं बघतोय, पण एखादं पात्र वार करण्याआधी कोणता खांदा पाडतं हे कधी टिपलं नव्हतं. आता त्या फुलाचा प्रत्येक आविर्भाव मला पाठ आहे. तीनऐवजी दहा जीव असते तर मी गोळ्या झाडत, मार खात पुढे गेलो असतो आणि “काय सुंदर चित्रं आहेत” एवढं म्हणून विसरलोही असतो.

तेव्हा अवघडपणाबद्दलची तक्रार मी मागे घेतली आहे. सगळी नाही. ग्रिम मॅचस्टिक या ड्रॅगनशी सरकत्या ढगांवर उड्या मारत लढावं लागतं, आणि तिथे मरण बऱ्याचदा ड्रॅगनच्या हातून नाही, ढगामुळे येतं. पाय ठेवायचा तर ढग हवा तिथे नसतो. यात बघून शिकण्यासारखं मला अजून काही सापडलेलं नाही.

पण खरा राग आहे तो ‘सिंपल’चा. शेवटचे दोन सोडले तर प्रत्येक बॉस या सोप्या पद्धतीनेही हरवता येतो, काही टप्पे गाळून. मात्र तसा हरवलात तर त्याच्या आत्म्याचा करारनामा, जो एरवी जिंकल्यावर हाती येतो, तो मिळत नाही, आणि सगळे करारनामे गोळा केल्याशिवाय किंग डाइस आणि सैतान यांच्या शेवटच्या लढाया उघडत नाहीत. हे बरोबरच आहे म्हणणारे भेटतात. त्यांतल्या माझ्या वयाच्या लोकांना मी ‘कॉन्ट्रा’ या जुन्या गेमची आठवण करून देतो. वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए, एवढी बटणं दाबली की तीस जीव! आमच्या पिढीतले किती शूर वीर त्याशिवाय शेवटापर्यंत पोचले असतील? ती युक्ती मुळात १९८६ च्या ‘ग्रेडियस’मधली. काझुहिसा हाशिमोतो तो गेम घरच्या मशीनसाठी तयार करत होते, आणि तपासताना त्यांना स्वतःलाच तो जमेना म्हणून त्यांनी ती घातली.

माझी ताई, म्हणजे भाच्याची आई, शेजारी बसून फुलाची लढाई बघायची. एकदा तिने कंट्रोलर मागून घेतला आणि सिंपलवर त्याला हरवलंही. तिला पुढची सगळी सोंगं बघायची होती, सैतानासकट. तो तिला भाच्याने यूट्यूबवर दाखवला. दुसऱ्याच कोणीतरी खेळलेला, आणि मध्ये जाहिरात.